ऋजुताची जर्सी

बास्केटबॉल टीमची मॅनेजर म्हणजे काय, तर बाटल्या भरणारी, जर्सी छापून आणणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी! टीममध्ये मोजे हरवतात, टॉवेल हरवतात, किस्से मात्र साठतच जातात. माझ्याकडचे निम्मे आमच्या सात नंबरचे, ऋजुता धुमाळचे.

धुमाळ म्हटलं की ठाण्यात कबड्डी! आजोबा कबड्डी, दोन्ही भाऊ कबड्डी आणि वडील अण्णा तर विचारूच नका. बाळकुमला रिक्षावाले अजून त्यांच्या पाया पडतात. त्या घरातली ही पोरगी आमच्याकडे आली.

पहिल्याच प्रॅक्टिसला तिने बास्केट केली आणि जीव खाऊन मधल्या रेषेकडे पळत सुटली, हात टेकवायला! कोच ओरडले, "अगं बाई, इथे कुणी पाय धरत नाही!"

*

एकदा चॅनेलवाली आली. पहिला प्रश्न अण्णांबद्दल, दुसरा अण्णांबद्दल. तिसऱ्याला ऋजुताने मोबाईलच काढला. "अण्णांना फोन लावून देऊ? ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील!"

*

कल्याणला तर कहर झाला. हिने एकटीने तीस पॉइंट मारले आणि आयोजकांनी शाल-नारळ हातात देऊन सांगितलं, "हे अण्णांना द्या हं. त्यांचा सत्कार राहिलेला."

परतताना गाडीत नारळ मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "ताई, एकदा तरी मला कुणी नारळ द्यावा गं."

*

यंदा जर्सीसाठी नावं मागवली तर तिने लिहून दिलं, नुसतं 'ऋजुता'.

"घरी विचारलंस?"

"जर्सी मी घालणार ना, ताई?"

घरी कळलं. अण्णा एवढंच म्हणाले, "आमच्या नावाचं ओझं झालं का तुला?" आणि मॅचला यायचे बंद झाले.

तरी दर होम मॅचला ती त्यांचा पास माझ्याकडे ठेवायची. मॅच संपली की आधी विचारायची, "नेला?" मी नाही म्हणायचे. "रस्त्यात ट्रॅफिक असेल गं," म्हणत स्वतःच पास फाडून टाकायची. फार वाईट वाटायचं मला.

*

फायनल डोंबिवलीला होती. पास तसाच माझ्याकडे. गेटजवळ टीमच्या टी-शर्टचा स्टॉल, तिथे आम्ही हवं ते नाव छापून देतो. मीच बसलेले. टोपी कपाळापर्यंत ओढलेला, मास्क लावलेला एक उंच माणूस पुढे आला. हातात रांगेत उभं राहून काढलेलं तिकीट.

"सात नंबर द्या. माझ्या मापाचा."

तो आवाज ठाण्यात कोण ओळखणार नाही? मी ताडकन उभी राहिले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी हळूच विचारलं, "पाठीवर 'धुमाळ' छापू ना, अण्णा?"

"नको, नको," ते घाईघाईने म्हणाले. "ती लिहिते तेवढंच लिहा."