दोन सारखे आले नायत तो दिवस

आमचं घर सिद्धगडाच्या पायथ्याला. माझी नात घरातनंच काम करते, रेंज नीट यावी म्हणून टेबल पडवीत टाकलंय. कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती सिस्टीम देशोदेशीची माणसं मिळून बनवतात न् सगळ्यांना फुकट देतात. माणसानं लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा त्यात एक कंपायलर असतो. तो जुना झालेला. त्याच्या जागी नवा बसवायचं काम नातीनं अंगावर घेतलं. दीड वर्ष तेच.

त्या दिवशी सांजच्या आत तिला त्या माणसांना हो का नाय ते कळवायचं होतं. हो म्हटलं का नवाच सगळीकडं जाणार.

सकाळी भाकर नेऊन ठेवली, दुपारी बघते तर तशीच.

"काय झालं गो?"

"आजी, जुन्यानं नवा बनवला. मग नव्यानं स्वतःलाच बनवलं, न् त्या बनलेल्यानं परत एकदा. ते दोन तंतोतंत सारखे यायला पायजेत. नाय येत."

"फरक किती?"

"इतकुसा. बाकी सगळं चालतंय. कुणाला कळणार पण नाय."

मी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसले.

"बोल ना काय तरी."

मग सांगितलं. तिचा बाप रांगत होता तवा आमी भाताचं नवं बी आणलं. पहिल्या साली खळं भरलं. मी घरातलं जुनं बी कांडून खाल्लं, म्हटलं आता कशाला पायजे. दुसऱ्या साली नव्यातलंच राखलेलं पेरलं. रोप हिरवंगार. दाणा भरला का लोंबी वाकते. आमची ताठ उभी. चोळून बघितली तर नुसती फोलं. ते साल रानातल्या कडू कंदांवर काढलं. पोराला गिळायचा नाय, मी चावून भरवायची.

"पयल्या पेरीला कळत नाय बाय. त्याचंच बी परत पेरलं का कळतं."

"म्हणजे नको म्हणू?"

"मला काय कळतंय तुझ्यातलं? मी भाताचं सांगितलं."

"लय शहाणी हायस!"

ती लिहायची, पुसायची. ऊन पडवीतनं उतरलं. मी पाखडलेलेच तांदूळ परत पाखडले. शेवटी तिनं बटण दाबलं न् म्हणाली, "जुनाच राहू द्या म्हणून कळवलं."

कुणीतरी लगेच उलटं लिहिलं, दीड वर्ष फुकट घालवलंस. तिनं ते मला वाचून दाखवलं न् गार भाकर मिरचीसंगट खाल्ली. मी गरम करून देते म्हटलं, तर नको म्हणाली.

आठ दिवसांनी चूक घावली. दोन सारखे आले. पण तवर सगळ्यांना जुनाच गेलेला. सिस्टीमची पुढची खेप निघेपर्यंत ती थांबली, मग नवा गेला.

जुना काढून टाकला नाय, कुणाला लागला तर बाजूला राखलाय, असं तीच येऊन सांगून गेली. मी विचारलं नव्हतं.