तीन पत्रं, एकच मजकूर

गेबहार्ड मायले मूळचा शाळामास्तर. एकोणीसशे चौदा साली युद्ध पेटलं, जर्मन फौजेचं बोलावणं आलं, आणि चार वर्षांत हा किडकिडीत माणूस कंपनीचा कप्तान होऊन, सोन्याचं शौर्यपदक घेऊन डोंगरावरच्या आपल्या गावी परतला. पदक ठेवलं कुठे? तर खडूच्या खोक्यात! दोन वर्षांनी एका रविवारी युद्धात गेलेल्या गावच्या पोरांच्या नावांचा दगड बसवायचा ठरला. सरपंच म्हणाला, "आता तरी छातीवर लावा की हो!" मास्तरने हं हं करून वेळ मारून नेली.

कंपनीतली निम्मी पोरं त्याच्याच शाळेतली. एखादा गेला की घरी पत्र लिहायचं काम कप्तानाचं. काय लिहिणार बिचारा? 'गोळी थेट काळजात लागली, त्याला काही कळलंसुद्धा नाही.' एकदा लिहिलं आणि मग तेच लिहीत गेला. पण एवढा शहाणा माणूस गावची भट्टी विसरला! पाव भाजायची भट्टी अख्ख्या गावात एकच. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि पाव भाजेपर्यंत बायका तिथेच गप्पा मारत बसतात. दगडाच्या निमित्ताने त्यांनी जुनी पत्रं काढली आणि एकमेकींना वाचून दाखवली.

शनिवारी सकाळी क्रेसेन्झ श्टेले शाळेत येऊन उभी राहिली. विधवा बाई, एकुलता एक वेंडेल युद्धात गेलेला.

"मास्तर, शेजारच्या पोराच्या पाटीवरून उतरवलं म्हणून माझ्या वेंडेलला तुम्ही बाकावर उभं केलं होतं. आठवतं?"

"आठवतं."

तिने टेबलावर तीन पत्रं आपटली. "मग हे काय? तिघांच्या काळजात गोळी, तिघांना कळलंच नाही! शब्द न् शब्द उतरवलाय. आता तुम्हाला कुठल्या बाकावर उभं करू?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून, बाई..."

"त्रास मला शिकवू नका. तो एकटा मेला का, तेवढं सांगा."

मास्तरने खोक्यातून पदक काढून तिच्यापुढे ठेवलं. "हे त्याच्यामुळेच मिळालं. काटेरी तारेत अडकला होता. पोटात लागलेलं. सकाळभर हाका मारत होता. मी सरपटत गेलो, ओढून आणला. दुपारपर्यंत माझ्या मांडीवर होता. नाही वाचवता आला, बाई. पोर गेलं आणि सोनं मला! कुठल्या तोंडाने लावू?"

"काही बोलला?"

"तुमचीच काळजी. म्हणाला, आईची पहिली चिठ्ठी निघाली तर गार भट्टी तापवायला दुप्पट लाकूड लागतं, ते कोण ओढणार? मी म्हणालो, मी ओढेन."

क्रेसेन्झने उघड्या तळव्यांनीच डोळे पुसले. "दोन हिवाळे मीच ओढतेय, मास्तर. तुम्ही कुठे होतात?"

"या खिडकीत. रोज बघत होतो. आलो असतो तर खरं सांगावं लागलं असतं."

ती रडत रडतच हसली. "अहो, किती हा वेडेपणा!" मग पदक त्याच्या कोटाला तिनेच टाचलं. "उद्या असंच या. माझ्या पोराला कुणीतरी आणायला गेलं होतं, हे गावाला दिसू दे."

पुढच्या आठवड्यात नेमकी तिचीच पहिली चिठ्ठी निघाली. सकाळी दार उघडलं तर अंगणात लाकडांनी भरलेली हातगाडी, आणि दांडीला मास्तर.

"उशीर केलात," ती म्हणाली आणि मागून गाडी ढकलू लागली.