ताईचा जबाब

ताई शुद्धीवर आली त्या दुपारी आम्हाला रडायलाही उसंत मिळाली नाही. वॉर्डच्या दाराशी हवालदार येऊन बसला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जीव द्यायचा प्रयत्न केला की तेव्हा गुन्हा दाखल व्हायचा. मेला तो सुटला, वाचला तो आरोपी! त्या कायद्याचा मला तेव्हाही संताप आला आणि आजही येतो.

ताई कार्पोरेशनच्या शाळेत शिकवायची. खटला उभा राहिला असता तर तुरुंगाचं पुढे पाहता आलं असतं, नोकरी आधी गेली असती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आईला हळूच सांगितलं, ‘विष चुकून पेली म्हणा. सगळे तेच म्हणतात.’ खरंच, त्या वॉर्डात झाडून सगळे चुकूनच आलेले होते. आम्ही तासभर ताईला तेच घोकवत बसलो. ती छताकडे बघत होती.

हवालदार माणूस वाईट नव्हता. कागद मांडीवर घेऊन स्वतःच म्हणाला, ‘बाई, खोकल्याचं औषध समजून चुकून पेल्या ना तुम्ही? तसंच लिहून राहिलो मी.’

‘नाही,’ ताई म्हणाली. ‘चुकून नाही.’

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘असं काहून करून राहिली वं? नोकरी जाईन ना तुझी!’

‘जाऊ द्या. मले खरं सांगू द्या.’

मला तिचा राग आला, भयंकर राग. एवढी माणसं तिच्यासाठी खोटं बोलायला तयार होती आणि हिला आत्ताच हरिश्चंद्र व्हायचं होतं!

हवालदाराने पेन खाली ठेवलं. ‘मंग मले पुढचं विचारा लागते, बाई. बाटली घरात कोणी आणली? जो मदत करते त्याले तुमच्याहून मोठी सजा आहे.’

बाटली मी आणली होती. ढेकणांसाठी हवी म्हणून ताईनेच मला जरीपटक्याच्या बाजारात पाठवलं होतं. मी तोंड उघडणार तोच ताईने माझ्याकडे पाहिलं.

‘लिहा,’ ती हवालदाराला म्हणाली. ‘चुकून पेली. बाटली घरात आधीपासूनच होती.’

तिने सही केली. प्रकरण तिथेच मिटलं. महिनाभराने ती शाळेत रुजू झाली. आईने घरातल्या प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवले, अगदी तेलाच्यासुद्धा. शेजारपाजारचे येऊन ‘जरा बघून घ्यावं औषध’ असा शहाणपणा शिकवून जात आणि ताई मान डोलवत चहा करी. चूक ठरली म्हटल्यावर तिचं कारण कोण विचारणार? आम्हीही विचारलं नाही. खरं म्हणजे मी भीत होते. माझ्यापायी ती खोटं बोलली, त्या खोट्याला हात लावायची माझी छाती नव्हती.

पुढे बरीच वर्षं गेली. हिंगण्याच्या माझ्या बिऱ्हाडात एकदा आम्ही दोघीच मेथी निवडत बसलो होतो. मी धीर करून विचारलं, ‘ताई, काहून वं केलं होतं तसं?’

तिने हातातली जुडी संपवली.

‘त्या दिवशी सांगून राहिली होती ना मी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही कोणी ऐकून नाही राहिले.’