तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात आले आणि बिबवेवाडीतल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहू लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. लग्न केलं नाही. आईबाबा गेले. भाऊ नागपूरलाच असतो, बुद्धपौर्णिमेला आणि दसऱ्याला त्याचा फोन येतो. एकटं राहायची मला सवय आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. मलाही ते खरं वाटायचं.

एका शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकू होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, जन्म नारायण पेठेत गेलेला. आमची ओळख एवढीच, की "लिफ्टचं दार नीट लावत जा, वरचे लोकही माणसंच आहेत," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

तिसरा मजला गेला आणि वीज गेली. लिफ्ट जागच्या जागी थांबली. जाळीच्या दारापलीकडे नुसती भिंत होती. मी बेल दाबली, ती विजेवरचीच. मोबाइलला रेंज नव्हती. मग मी जाळीवर हात आपटून ओरडायला लागले. श्वास पुरत नव्हता. बाबांनी लहानपणी शिकवलं होतं, भीती वाटली की डोळे मिटून त्रिशरण म्हणायचं. मी म्हणायला गेले, तर शब्दच आठवेनात.

"जाळी आहे," अंधारातून काकू म्हणाल्या. "हवा येते. थोड्या वेळाने डासही येतील."

"काकू, लिफ्ट खाली पडली तर?"

"पडली तर एकदम पडेल. काळजी करायला वेळ मिळायचा नाही. बसा आता."

त्या स्वतः खाली बसल्या होत्या. मोबाइलचा दिवा लावून त्यांनी पिशवीतले मटार काढले, अर्धे माझ्या ओढणीत टाकले. "हात रिकामे ठेवू नका. घरी जाऊन हेच करायचं होतं, इथे करू."

मी सोलत राहिले. निम्मे दाणे खाली सांडत होते. काकू सांडलेले दाणे उचलत राहिल्या. वीज आली तेव्हा पिशवीतले मटार संपत आले होते.

त्यानंतर मी जिन्यानेच जाऊ लागले. पायऱ्या चढताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. माझी खरी भीती लिफ्ट पडायची नव्हती. भिंतीकडे बघताना माझ्या मनात आलं होतं, की आज मी घरी पोचले नाही तर ते कुणाला कळेल? घरात वाट बघणारं कुणी नाही. सोमवारपर्यंत ऑफिसातही कुणी विचारणार नाही. काकूंना मात्र त्याच अंधारात फक्त उशीर होताना दिसत होता.

मी त्यांच्याकडे जाऊ लागले. रविवारी सकाळी चहा व्हायचा. एकदा त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं, तर म्हणाल्या, "धैर्य कसलं? लिफ्ट बंद पडली तर माणूस येऊन चालू करतो." एवढ्यात फोन वाजला. परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल. काकूंनी घाईघाईने केस सारखे केले.

"आई, फ्लॅट विकून इकडे यायचं काय ठरवलंस?"

"तू म्हणशील तसं," काकू म्हणाल्या. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलगा बोलत राहिला, काकू मान हलवत राहिल्या. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यालाही आईची काळजीच होती.

फोन ठेवल्यावर त्यांनी चहाचे कप विसळून आणले. मग म्हणाल्या, "शनिवारपासून काय बोलायचं ते आरशासमोर पाठ करते. आणि फोन आला की हो म्हणते."

"मग नाही म्हणा ना, काकू."

"आणि त्याने फोनच केला नाही तर?"

समोर थोडी मेथी पडली होती, ती मी निवडायला घेतली. काकूंनीही घेतली.

पावसाळ्यानंतर त्या मुलाकडे गेल्या. निघताना रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पोचले की फोन करते." केला. अजून करतात, पण तिकडची वेळ उलटी, आणि बोलायला दोघींकडेही फारसं काही नसतं. वर नवीन जोडपं राहायला आलं आहे. त्यांची नावंसुद्धा मला नीट माहीत नाहीत.

गेल्या महिन्यात मला ताप आला. दोन दिवस दार उघडलं नाही, कुणी वाजवलंही नाही. बरी झाल्यावर मी घराच्या किल्लीची एक नक्कल करून घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं दार वाजवलं. त्यांच्याशी कधी नीट बोलले नव्हते. किल्ली पुढे केली.

"गावाला चाललात का?" त्यांनी विचारलं.

"नाही, इथेच आहे. पण दोन दिवस दिसले नाही, तर उघडून बघाल का?"

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग किल्ली घेत म्हणाल्या, "आत या ना."

घरात पाहुणे दिसत होते. मी म्हटलं, "आज नको, पुन्हा येईन," आणि वर आले.