कोलमनला न शिकवलेलं पोहणं

इनिशगॉर्म गावात तीनशे माणसं, एकोणतीस होड्या, आणि पोहता येणारं माणूस एकच: मार्टिन फोलनची पोरगी अट्रॅक्टा. बाकीच्यांनी जन्मभर समुद्रावर पोट भरलं, पण त्यात गुडघ्याच्या वर कुणी उतरलं नाही. त्यामागे त्यांचा ठाम विचार होता. बुडायचंच असेल तर पटकन बुडावं. पोहता येणारा तासभर हातपाय मारतो, घरादाराची आठवण काढतो आणि शेवटी बुडतोच. बाहेरचे याला अडाणीपणा म्हणत, आणि तो होताच. पण ज्या गावात घरटी एक तरी माणूस समुद्राने नेलेलं, तिथे माणूस अशाच विचाराला धरून उभा राहतो.

अट्रॅक्टा शेवाळ गोळा करायला खाडीत जायची, तिथे आपली आपणच शिकली. शाळेच्या लीडन मास्तरांनी तिला एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यापासून खडकापर्यंत दोर धरून अंतर मोजलं. दोनशे वीस यार्ड. खिशातलं घड्याळ हातात घेऊन त्यांनी तिला पाण्यात सोडलं, आणि ती परत आली तेव्हा घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून ते कानाला लावून बघत होते.

मास्तर व्हिस्कीची बाटली घेऊन मार्टिनकडे गेले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी पोरीला डब्लिनला न्यायचं होतं.

"मुलगी आहे, होडीवर काही जायची नाही," मार्टिन म्हणाला. "पोहू दे. पण अट्रॅक्टा, कोलमनला पाण्यात न्यायचं नाहीस. तो माझ्यामागे होडी चालवणार. त्याला निम्मंअर्धं शिकवून त्याचं मरण लांबवू नकोस. शब्द दे."

"दिला, बाबा," ती म्हणाली. त्याचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ कोलमन तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि चुलीपाशी बटाटे सोलत ऐकत होता.

पुढची सहा वर्षं अट्रॅक्टाने गावाचं नाव काढलं. डब्लिनच्या समुद्राकाठच्या तलावात तिने चार वेळा अजिंक्यपद मिळवलं. पेपरात फोटो आला, तेव्हा पोहण्याच्या पोशाखाकडे बघून आईने तो अर्धा घडी घालून भिंतीला लावला. गावातल्या बायका टोमणे मारायच्या, "एवढी पोहतेस तर येताना चार बांगडे तरी धरून आणत जा." पण रेडिओवर तिचं नाव ऐकायला त्याच बायका दुकानात दाटीवाटीने उभ्या राहायच्या.

सहाव्या वर्षी वेल्समध्ये देशाकडून पोहायला तिची निवड झाली. जायला सहा आठवडे होते. एका संध्याकाळी कोलमन खाडीवर आला. वीस वर्षांचा उंच गडी, बाबांच्या सांध्यांनी दगा दिल्यापासून एकटाच होडी नेत होता.

"ताई, मला शिकव ना."

"वेड लागलंय? बाबांना शब्द दिलाय."

"पोहायला नको शिकवू. नुसतं तरंगायला शिकव. त्याला पोहणं कुठे म्हणतात?"

"बाबा म्हणतील. आणि कळलं तर मला वेल्सला जाऊ देणार नाहीत."

"माझ्या तोंडून नाही कळणार."

"गावात कुणाच्या घरी काय शिजतं ते कळतं, हे कळणार नाही? परत आल्यावर शिकवीन. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तो हसला. "तोवर बुडायचं नाही, असं ठरलं म्हणायचं," असं म्हणून तो घरी गेला. तरंगायला शिकवायला एक दुपार पुरते. तिला ते माहीत होतं. पण शब्दापेक्षा वेल्स जास्त प्यारं होतं, हे तिने पुढे स्वतःशी कधीच नाकारलं नाही.

त्यानंतर अठरा दिवसांनी, भर सकाळी, शेवंड्या पकडायचे पिंजरे पाण्यातून ओढताना कोलमनची होडी खडकाजवळ उलटली. डांबर फासलेल्या कापडाची हलकी होडी ती. वाऱ्याने उलटी-पालटी करत त्याच्यापासून लांब नेली. धक्क्यावर अकरा दर्यावर्दी पुरुष उभे होते, एकालाही पोहता येत नव्हतं. ते दुसऱ्या होडीकडे धावले. अट्रॅक्टाने कपड्यांनिशी पाण्यात उडी घेतली.

तिला तीन मिनिटं लागली. तसल्या लाटांत, अंगावर लोकरीचा झगा असताना, तेवढ्या वेळात तिथे दुसरं कुणी पोचलं नसतं. कोलमन मिनिटभरसुद्धा वर राहिला नव्हता. तिने चार बुड्या मारल्या आणि पाचव्यांदा त्याला वर आणलं. पायांत जड बूट होते, आणि तो थंडगार पडला होता.

पुरण्याआधीच्या रात्री घरात त्याला ठेवलं होतं तेव्हा चहा, तंबाखू, जपमाळ सगळं रीतीप्रमाणे झालं. येणारा जाणारा मार्टिनचा हात हातात घेऊन एकच म्हणत होता, "लवकर सुटला रे. हाल झाले नाहीत." मार्टिन मान हलवायचा. त्या बापाला धरायला तेवढंच होतं. अट्रॅक्टा चहाचे कप भरत राहिली. तीन मिनिटं, तीन मिनिटं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. गावात सेकंदांचा हिशेब कळणारी ती एकटीच होती.

वेल्सला ती गेली नाही. मास्तर दोनदा आले, तिने दाराशीच बोलून पाठवून दिलं. टपाल कचेरीत नोकरी धरली, लग्न केलं नाही, आणि खाडीकडे पुन्हा वळली नाही.

चोवीस वर्षांनी मार्टिन अंथरुणाला खिळला. एका दुपारी ती त्याला चमच्याने लापशी भरवत होती. त्याने तोंड बाजूला केलं.

"अट्रॅक्टा, तो तुझ्याकडे आला होता का गं कधी? शिकव म्हणून?"

तिने चमचा वाटीत ठेवला.

"नाही, बाबा."

"आणि पोहता येत असतं त्याला, तर?"

म्हातारा तिच्याकडे टक लावून बघत होता. चोवीस वर्षं तो हे विचारायला घाबरत होता, आणि ती सांगायला.

"काही उपयोग नव्हता. पाणी फार गार होतं."

"म्हणजे मी तुला अडवलं ते..."

"बरंच केलंत."

त्याने डोळे मिटले. गालांवरून पाणी उशीपर्यंत गेलं, ते तिने एप्रनच्या टोकाने टिपलं.

"तू चांगली पोरगी आहेस," तो म्हणाला. "पण तुला खोटं बोलता येत नाही."

मग त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं, आणि तिने राहिलेली लापशी त्याला भरवली.