दोरीवरच्या नी-कॅप

लेकीच्या नव्या शाळेच्या मैदानाकडेला दोरीवर खो-खोच्या मुलींच्या नी-कॅप वाळत घातल्या होत्या. लांबून मला ती सोललेली कातडी वाटली, म्हणून जवळ गेले. प्रत्येकीवर शाईनं नाव होतं, त्याच्या वर एक खोडलेलं नाव, त्याच्याही वर आणखी एक.

"इथली पद्धत आहे," खेळाचे सर म्हणाले. "जाणारी मुलगी आपली नी-कॅप नव्या मुलीला देऊन जाते."

"दहावी करून जातात ना?"

"काही जणी करतात," म्हणत ते मैदानाकडे वळले.

जुन्या शाळेत गणित उत्तम शिकवायचे, पण मैदान नव्हतं. इथं सकाळी सराव, दुपारी वर्ग, पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. दोन्ही जमेल, हे घरात मीच सगळ्यांना पटवलं होतं. दुपारच्या त्या वर्गात मी डोकावले, तर मुली बाकावर डोकं टेकून झोपल्या होत्या आणि फळ्यावर गेल्या आठवड्यातली तारीख होती.

रिकामी जागा मिळाली की आपण आनंदानं आत शिरतो. ती रिकामी का झाली, हे कोण विचारतं?

माझ्या मैथिलीनं मिळालेली नी-कॅप लगेच गुडघ्यावर चढवली. "बरोबर बसली बघ, आई." तीन खोडलेल्या नावांखाली सरांनी तिचं नाव बारीक अक्षरात लिहिलं.

जुन्या शाळेचा दाखला माझ्या पर्समध्येच होता. शाळा सोडण्याच्या कारणापुढं क्लार्कनं नेहमीचंच लिहिलं होतं: पालकांच्या विनंतीवरून.