अजून?

"अजून?"

बाईंनी एवढंच विचारलं. भाताच्या पातेल्याकडे गेलेला माझा हात तसाच थांबला. टेबलावर पाहुणे जेवत होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, जमिनीवर. बाई पाहुण्यांकडे वळून हसल्या. "या लोकांची पोटं बघा. आमच्या रियाला एक चपाती संपत नाही."

रिया त्यांची मुलगी, माझ्याच वर्गात, नववीत. तिला चपाती संपायची नाही, कारण बाई तिला रोज सकाळी वजनकाट्यावर उभी करायच्या. ती मान खाली घालून ताटात चपातीचे तुकडे करत बसली.

नरपडला त्यांची चिकूची वाडी. मी तलासरीकडच्या पाड्यावरची. त्यांच्याच घरी राहून भांडी, केर करायचे आणि शाळेत जायचे.

त्या दिवसापासून मी एकदाच वाढून घेऊ लागले. मग तेही अर्धं. भूक लागली की चोरी केल्यासारखं वाटे. बाई म्हणाल्या, "आता कशी माणसांत आलीस!" आणि मला बरं वाटलं. हे मला आजही जाळतं.

दिवाळीत घरी गेले. आईने नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. मी अर्धी भाकर मोडून परत केली. लोकांच्या वाडीवर दिवसभर राबून आलेली आई बघत राहिली.

"पोट काय चोरीचा हाय, बाय?"

मग न विचारता अख्खी भाकर ताटात टाकली. "आजून घे."

तोच शब्द. आमच्या घरात तो प्रश्न नव्हताच कधी. मी रडत रडत खाल्लं. बाईंकडे परत गेले नाही. वसतिगृहात राहिले, शिकले. पाड्यातली पहिली पदवीधर झाले. ते आईच्या त्या भाकरीमुळे.

आज मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. परवा बाई प्रमुख पाहुण्या म्हणून आल्या, चिकूच्या पेट्या घेऊन. पंगतीत त्यांच्या शेजारच्या मुलीने पुन्हा भात मागितला. बाई लाडाने हसल्या. "अजून?"

मुलीचा हात थांबला. तो हात मी ओळखला.

भातवाढी मी स्वतः घेतली. आधी मुलीला वाढलं. मग बाईंच्या ताटात ढीग केला.

"अगं, पुरे, पुरे!"

"घ्या ना, बाई. माझं पोट तुम्ही पाहुण्यांना दाखवलं होतंत. आज तुमचं माझ्या मुलींना बघू दे."

बाई लालबुंद. मी तिथून हलले नाही.

लोक म्हणतात, त्यांच्या घरी राहून शिकलीस, उपकार विसरलीस. मी काहीच विसरलेले नाही. या पंगतीत पुन्हा कुणी तो प्रश्न विचारला, तर ताटावरून तो पाहुणा उठेल. माझी मुलगी उठणार नाही.